एक गल्ली धरून : कोल्हापुरात नव्यानं आलेल्या फ्रीलान्स फोटोग्राफरचं प्रकरण

कोकणातली माणसं मोठ्या दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आणि शिक्षणासाठी घाट चढून कोल्हापूरला येतात, याला कितीतरी पिढ्या झाल्या. आता हातात कॅमेरा घेऊन, इथंच पोट भरायचं म्हणून येणारी मुलंही दिसू लागली आहेत. शाहूपुरीत माझी फोटो प्रिंटिंगची लॅब आहे, त्यामुळं ही मुलं कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतात. काही वर्षभरात गावी परततात, काही एखाद्या स्टुडिओत पगारावर लागतात. स्वतंत्र राहून टिकणारी थोडी. त्यांतल्या एका मुलीचं प्रकरण इथं सविस्तर मांडतो आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव तिचंही देत नाही आणि तिनं ज्यांच्याशी व्यवहार केला त्यांचंही देत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या शहरात फ्रीलान्सर कामाच्या दर्जामुळं क्वचितच बुडतो. सगळ्यांना सगळे फोटो स्वस्तात काढून देतो, असं म्हणत शहरभर फिरण्यानं तो बुडतो. ही मुलगी तगली, कारण तिनं तो नाद वेळीच सोडला आणि एक गल्ली धरली.

ती आली तेव्हा

सावंतवाडीकडची मुलगी, वय चोवीस. वडिलांचं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचं दुकान. फोटो कापता कापता कॅमेरा हातात आला आणि गावातल्या बारशांपासून सुरुवात झाली. जून २०२४ मध्ये ती आंबोली घाटातून आजऱ्यावरून कोल्हापुरात आली तेव्हा जवळ एक जुनी विकत घेतलेली फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी, ५० आणि ८५ एमएमच्या दोन लेन्स, एक फ्लॅश, लॅपटॉप आणि सहा महिने कसेबसे भागतील इतके पैसे होते. पुण्याचं भाडं परवडणारं नव्हतं. शिवाय काही झालं तर एका एसटीत घरी पोचता यावं, ही आईची अट होती.

खोली बघतानाच शहरानं तिला पहिला धडा दिला. पंचगंगेच्या बाजूला, शुक्रवार पेठेत तळमजल्यावरची एक खोली स्वस्तात मिळत होती. शेजारच्या आजींनी भिंतीवरची खूण दाखवली : २०१९ ला पाणी इथवर, २०२१ ला इथवर. कोल्हापुरात पावसाळ्यात पोरंसोरंही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. बाहेरून आलेल्याला हे कुणी सांगत नाही. तिनं दीड हजार जास्त मोजून राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली. त्याच जुलैत नदीनं धोक्याची पातळी ओलांडली. ज्याची सगळी पुंजी कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे त्यानं भाड्याच्या आधी मजला बघावा, असं मला मनापासून वाटतं. दमटपणाचीही तीच गोष्ट. लेन्सला एकदा बुरशी धरली की साफसफाईवर पैसे जातात आणि काच पूर्वीची राहीलच याची खात्री नसते. तिनं घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढ्यावर भागवलं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा, बस्स.

खरी अडचण खोलीची नव्हती, महिन्याची होती. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. तिथून चातुर्मास. कार्तिकी १२ नोव्हेंबरला, मग तुळशीचं लग्न, आणि त्यानंतर माणसांची लग्नं. म्हणजे ज्या धंद्याच्या भरवशावर ती आली होती, तो धंदाच पुढं चार महिने बंद राहणार होता. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तोवर ओळखी होतील, जाहिरात करू, असा तिचा हिशेब होता.

स्वस्त पॅकेज

तिनं इन्स्टाग्रामवर पेज काढलं, पन्हाळा आणि रंकाळ्यावरचे चार-दोन सराव-शूट टाकले, आणि प्री-वेडिंगचं ७,९९९ रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. जाहिरातीला पैसेही घातले. मेसेज आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘रेट काय?’ आणि उत्तर दिलं की पलीकडं शांतता.

याचं कारण कोल्हापूरच्या लग्नव्यवहारात आहे. इथं फोटोग्राफर नवरा-नवरी एकटे ठरवत नाहीत. कार्यालयाचा मॅनेजर, पत्रिका छापणारा, मंडपवाला किंवा चुलत्याच्या पोराच्या लग्नात ज्यानं काम केलं तो, अशा साखळीतून नाव येतं आणि घरातलं मोठं माणूस त्यावर शिक्का मारतं. पेठेतल्या घरांत तर एकाच स्टुडिओनं आजीचा, आईचा आणि आता नातीचा लग्नाचा अल्बम केलेला असतो. अशा घराला कमी रेट सांगितला तर तो फायदा वाटत नाही, धोका वाटतो. पोरीचं लग्न एकदाच होतं, त्यात दोन-पाच हजारांसाठी कोण जुगार खेळणार?

दुसरंही एक नुकसान होतं. नव्या माणसानं बाजारभावाच्या खाली रेट लावला की तो स्टुडिओवाल्यांच्या डोळ्यावर येतो. उद्या त्यांच्याचकडून जोडीला काम मिळायचं असतं. शिरकाव करायच्या नादात तो दार स्वतःच लावून घेतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती लॅबमध्ये आली ती घरच्यांना पाठवायला प्रिंट काढायला. त्यात रंकाळ्याचे सूर्यास्त होते, आणि त्यांतच एक फोटो पावसात चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या गल्लीत बसलेल्या कारागिराच्या हातांचा होता. अंगठ्यापाशी वेणी ओवणारी बोटं आणि बाजूला ओल्या गोणपाटावर ठेवलेला तळ. बाकीचे फोटो कुणीही काढले असते, हा मात्र जवळ जाऊन, बोलून, बसून काढलेला होता. मी विचारलं, ‘ह्यांनी तुला बसू दिलं?’ ती म्हणाली, ‘काका, पावसात गिऱ्हाईकच नाही. त्यांनीच चहा सांगितला.’

पावसातली चप्पल लाईन

कोल्हापुरी चप्पल पावसात घालत नाहीत. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं ते कातडं पाणी प्यायलं की फुगतं, कडक होतं. म्हणून पावसाळ्यात विक्री मंदावते आणि कारागीर दसरा-दिवाळीसाठी माल करत बसतो. त्याच्याकडं तेव्हा बोलायला वेळ असतो, दिवाळीत नसतो. तिचे रिकामे महिने आणि त्यांचे रिकामे महिने एकच होते, ही गोष्ट तिनं हेरली.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ऑनलाइन विक्रीबद्दल चप्पल लाईनमध्येही बोललं जातं. दुकानात माल होता, मोबाइलवर काढलेले फोटोही होते. अडचण वेगळी होती : गिऱ्हाईक माल परत करत होतं. ‘फोटोत तांबूस दिसली, आली पिवळी.’ ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइल आपल्या मनानं रंग बदलतो, आणि नैसर्गिक कातड्याचा रंग हीच तर कोल्हापुरीची ओळख. तिनं प्रत्येक लॉटच्या पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरलं, त्यावरून रंग बसवला आणि कारागिराला लॅपटॉपशेजारी खरी चप्पल ठेवून दाखवला. तेल लावलेली आणि न लावलेली जोडी वेगळी काढली.

ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोचे नियम ठरलेले आहेत. पार्श्वभूमी निखळ पांढरी, वस्तूनं चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापलेला, आणि झूम चालावं म्हणून लांब बाजू हजार पिक्सेलच्या वर. हे नियम माहीत असणं हीच तिची पहिली विकाऊ गोष्ट ठरली. दुकानदाराला कलात्मक फोटो नको होते, न परतणारी ऑर्डर हवी होती. तिनं दर नगावर ठरवला, एका नगाचे तीन कोन, दीडशे रुपये. दिवसाचा भाव सांगितला की छोटा दुकानदार दचकतो, नगाचा भाव त्याला कळतो, कारण तोही नगावरच विकतो. एका दुकानदारानं तिला पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे कान फोटोत उठून दिसले पाहिजेत, असं बजावून सांगितलं. ‘बाई, मशीनच्या चपलेत आन् हातच्यात फरक तिथंच दिसतो.’ पुढच्या सगळ्या फोटोंचा कोन त्या एका वाक्यानं ठरला.

पैसे फार नव्हते. पण गणपतीपर्यंत त्या गल्लीत ‘फोटोवाली’ म्हटलं की हीच, असं झालं. शहरात कुणीच ओळखत नसलेल्या माणसाला एका गल्लीनं नाव दिलं, तिथून चक्र फिरलं.

साजाची एकवीस पानं

चप्पल लाईनमधून गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत जायला पाच मिनिटं लागतात. दुकानदारांचे आपसात संबंध असतातच. सप्टेंबरमध्ये एका जुन्या सराफानं तिला बोलावलं : दसऱ्याआधी कॅटलॉग करायचा, त्यात मुख्य जागा कोल्हापुरी साजाला, म्हणजे इथल्या गळ्यातल्या पारंपरिक दागिन्याला.

सोनं दुकानाबाहेर जाणार नव्हतं. दुकान उघडायच्या आधी, सकाळी, वरच्या माडीवर काम करायचं ठरलं. प्रत्येक नग तिच्यासमोर काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं, फोटो झाल्यावर पुन्हा वजन करायचं आणि शेजारी दोघांची सही. ही पद्धत सराफाची होती, तिला ती आधी अविश्वासाची वाटली. मी तिला सांगितलं, ही वही तुझ्या संरक्षणाची आहे. दागिन्यांचं काम घेणाऱ्या प्रत्येकानं काटा आणि सही मागून घ्यावी, समोरच्यानं आग्रह धरला नाही तरी.

आता साज. त्यात जव मण्यांच्या मधे लोंबणारी एकवीस पानं असतात : दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक ताईत. प्रत्येक पान फुगीर आणि चकचकीत. अशा सोन्याचा फोटो काढताना दागिन्यात समोरची सगळी खोली दिसते, कॅमेरा दिसतो, आपल्या कुडत्याचा रंग दिसतो. चारी बाजूंनी ट्रेसिंग पेपर लावून उजेड पसरवला की प्रतिबिंबं जातात, पण त्याबरोबर सोन्याचा जीवही जातो आणि दागिना पिवळ्या प्लास्टिकसारखा दिसायला लागतो. म्हणून कागदाच्या तंबूत काळ्या कार्डाच्या बारीक पट्ट्या उभ्या कराव्या लागतात. त्या पट्टीची काळी रेघ पानाच्या कडेवर उमटली की गोलाई दिसते. हे काम इंच-इंच सरकवत करायचं असतं. एका साजाला तिची अख्खी सकाळ गेली.

अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स तिच्याकडं नव्हती. तिनं ५० एमएमला स्वस्तातली एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी पोकळ नळी लावली. इतक्या जवळून फोकस जेमतेम काही मिलिमीटर टिकतो. लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान केलं तरी मधलं पान स्पष्ट आणि कडेची धूसर. मग ट्रायपॉड न हलवता फोकस थोडा थोडा पुढं नेत अनेक फ्रेम घेतल्या आणि संगणकावर एकत्र केल्या. सगळी पानं स्वच्छ आली.

फोटो बघून सराफांनी चष्मा वर केला. ‘पोरी, मासा उताणा पडलाय.’ मत्स्यावताराचं पान सपाट ठेवताना उलटलं होतं. लोंबतं पान आडवं ठेवलं की कलंडतंच. त्यांनी स्वतः मेणाचा बारीक ठिपका लावून ते पान सरळ बसवलं आणि मग एकेका पानाचं नाव सांगत गेले. कासव कुठलं, वराह कुठला, हे तिनं वहीत लिहून घेतलं. पुन्हा सगळी मांडणी, पुन्हा सगळ्या फ्रेम.

मला या प्रकरणात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूर हे चित्र ओळखणाऱ्यांचं गाव आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला तो इथं, प्रभात कंपनी १९२९ मध्ये निघाली ती इथं. गुजरीतला सराफ फोटोग्राफीतलं काही शिकलेला नसेल, पण पान सुलटं आहे की उलटं हे तो जन्मात चुकणार नाही. ज्या वस्तूचा फोटो काढायचा ती वस्तू तिच्या धन्याकडून शिकून घेणारा फोटोग्राफर त्याला पुन्हा हवा असतो. दिवाळीच्या आत गुजरीतल्याच आणखी दोन दुकानांनी तिला बोलावलं, दोन्हीकडं पहिलं वाक्य ‘साज तूच केलास ना?’ हे होतं.

होर्डिंग

जानेवारी २०२५ मध्ये महामार्गानं एसटीतून येताना तिला तोच साज होर्डिंगवर दिसला. सराफ ज्या बाहेरगावच्या शोरूमला माल पुरवायचा, त्यांनी तो फोटो वापरला होता. सराफानं फोटोच्या फाइल त्यांना देऊन टाकल्या होत्या. ती थेट लॅबमध्ये आली. तिचं म्हणणं : फोटो मी काढला, कॉपीराइट माझा, होर्डिंगचे पैसे मिळाले पाहिजेत.

बहुतेक फोटोग्राफरांचा हाच समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणं फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा असतो, हे बरोबर. पण त्याच कलमात पुढं अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि उलट काही करार झालेला नसेल, तर पहिला मालक तो काम सांगणारा असतो. म्हणजे लग्न, कॅटलॉग, कंपनीची ऑर्डर, अशा पैसे घेऊन केलेल्या जवळजवळ सगळ्या कामात कागदावर काही लिहिलेलं नसेल तर हक्क गिऱ्हाइकाकडं जातो. फोटोचं कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं चालतं, तेवढा काळ. तो फोटो आपण काढला हे सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणं फोटोग्राफरकडं राहतो, पण त्यातून होर्डिंगचं बिल निघत नाही.

तिच्याकडं फक्त व्हॉट्सॲपवर दर ठरल्याचे मेसेज होते. ओळखीच्या वकिलांनी वाचून तेच सांगितलं : मागता येणार नाही.

इथं तिनं जे केलं त्याचं मला कौतुक आहे. नोटिशीची भाषा काढली नाही, गप्पही बसली नाही. सराफांकडं गेली आणि म्हणाली, कायद्यानं फोटो तुमचे आहेत, मी काही मागत नाही, पण अक्षय्य तृतीयेच्या कॅटलॉगला आपण आधी एक कागद करू. सराफ म्हणाले, ‘पैसे दिले म्हणजे माल माझा, एवढंच मला कळतं.’ तिनं उलट विचारलं, तुमच्या कारागिराच्या साच्यावरून दुसऱ्यानं साज पाडला तर चालेल का? त्या प्रश्नानं बोलणं वळलं. जुन्या कामाचे पैसे मिळाले नाहीत, नव्या कामाला सही मिळाली. कागद एकच पान होता, मराठीत :

‘या कामातील फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. दुकानास हे फोटो स्वतःचा कॅटलॉग, वेबसाइट आणि सोशल मीडिया यांसाठी दोन वर्षे वापरता येतील. होर्डिंग, वर्तमानपत्रातील जाहिरात किंवा इतर व्यापाऱ्यास देणे यासाठी वेगळा दर आधी ठरवावा.’

खाली दोघांच्या सह्या, तारीख, नगांची यादी आणि रक्कम. कुठलीही अवघड भाषा नाही. काही फोटोग्राफर म्हणतात, छोट्या गिऱ्हाइकाला कागद दाखवला की ते बिथरतं, हक्क देऊन टाकावेत. मला हे पटत नाही. नगाला दीडशे रुपयांत आयुष्यभराचा आणि वर साठ वर्षांचा हक्क देणं हा व्यवहारच नाही. चप्पल लाईनमध्ये मात्र ती अजून कागद करत नाही, सगळे हक्क दुकानाला देते आणि ते तोंडानं स्पष्ट सांगते. तिथला माल, तिथला नफा बघता मला तेही योग्य वाटतं.

दुसऱ्याच्या ऑर्डरवर

तुळशीच्या लग्नानंतर स्टुडिओवाल्यांना कँडिडसाठी, म्हणजे उभं न करता सहज टिपलेल्या फोटोंसाठी, जास्तीची माणसं लागतात. तोवर गुजरीत तिचं नाव झालेलं असल्यानं एका स्टुडिओनं बोलावलं. दिवसाला २,५०० रुपये, जेवण, आणि रात्री हॉलवरच डेटा द्यायचा.

या कामात फोटो काढण्याइतकाच रिवाज सांभाळावा लागतो. दुसऱ्याच्या ऑर्डरवर आपलं कार्ड वाटायचं नाही. नवरीच्या मावशीनं नंबर मागितला तर स्टुडिओचाच द्यायचा. परवानगीशिवाय फोटो आपल्या पेजवर टाकायचे नाहीत, आणि परवानगी स्टुडिओची आणि नवरा-नवरीची, दोघांची. पहिल्याच महिन्यात एका घरानं तिला थेट साखरपुड्याचं काम देऊ केलं. तिनं त्यांना स्टुडिओमालकाकडं पाठवलं. मालकाच्या कानावर ते गेलंच, कोल्हापुरात कुठलीच गोष्ट दोन दिवसांपेक्षा जास्त लपत नाही. तेव्हापासून तो तिला तारखा आधी विचारून धरतो.

मुलगी असण्याचा इथं उपयोग झाला. नवरीच्या खोलीत, हिरवा चुडा भरताना, हळदीला, जिथं पुरुष फोटोग्राफर दारातून दोन फोटो काढून मागं फिरतो, तिथं ती तासभर असते. घरच्या बायका तिला हळूहळू विसरतात आणि मग फोटो मिळतात. रात्री परतायचा प्रश्न मात्र खरा होता. वरातीनंतर साडेबारा-एक वाजतो. तिनं दर ठरवतानाच अट घातली : दहानंतर काम असेल तर स्टुडिओची गाडी घरापर्यंत सोडेल. एक-दोघांनी नकार दिला, त्यांचं काम तिनं घेतलं नाही.

हिशेब

मार्चअखेरीला मी तिला कागद-पेन घेऊन बसवलं. खोली महिना ६,००० म्हणजे वर्षाला ७२,०००. जेवण आणि फिरणं ९,००० प्रमाणं १,०८,०००. दोन लाखांचं सामान चार वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाची झीज ५०,०००. इंटरनेट, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, दुरुस्ती मिळून ३०,०००. बेरीज २,६०,०००. वर्षात बिल लावता येईल असे शंभर दिवस मिळाले, तर दिवसाला २,६०० रुपये आल्यावर ती शून्यावर येते. म्हणजे लग्नातला २,५०० चा दिवस शंभर रुपये तोट्याचा होता. आकडा कागदावर आल्यावर तिनं पुढच्या हंगामात ४,००० मागितले. तीनपैकी दोन स्टुडिओंनी दिले.

वसुलीत तिनं एक नियम धरला आहे : आधी लहान आकाराचे, शिक्का मारलेले फोटो निवडीसाठी, बाकी रक्कम जमा झाल्यावर मोठ्या फाइल. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, ती तिनं केली. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचं बिल खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं) काम केलं तेव्हा बिलावर उद्यम क्रमांक छापलेला होता, पैसे वेळेत आले. त्यांनी जीएसटी क्रमांक मागितला होता. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हे तिनं बिलाखाली एका ओळीत लिहून दिलं. टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कापायचा आयकर, कापला गेला, तो रिटर्न भरून परत मिळाला. पहिल्या वर्षी रिटर्न भरायचा कंटाळा करणारी मुलं हे पैसे सोडून देतात.

पुढचा हंगाम

यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत, आणि निज ज्येष्ठ सुरू होईपर्यंत पाऊस दारात. फक्त लग्नांवर असलेल्या फोटोग्राफरांना हा महिना जड जाणार. पण अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, आणि त्यात अनारशांबरोबर चांदीचं ताट, निरांजन, तांब्या असतो. चांदीच्या दुकानांना त्याच्या जाहिराती एप्रिलच्या शेवटी लागतात, म्हणजे फोटो त्याच्याही आधी. गुजरीतल्या ओळखीवर तिनं हुपरी या चांदीकामाच्या गावातल्या दोन चांदीवाल्यांचं काम मार्च-एप्रिलसाठी धरलं आहे. चांदी सोन्यापेक्षा अवघड. तिला स्वतःचा रंगच नाही, जे समोर ठेवाल तेच ती दाखवते. तिनं त्यासाठी जुनी मॅक्रो लेन्स घेतली आणि कागदाचा तंबू आता घरीच कायमचा उभा केला आहे.

राजारामपुरीत छोटी जागा भाड्यानं घेऊन स्टुडिओ काढावा का, असं ती विचारते आहे. माझं मत अजून वर्षभर नको असंच आहे. सोनं-चांदी तिच्या जागेत येणार नाही, तिलाच तिथं जावं लागेल, चप्पल लाईनमध्येही दुकानातच काम होतं. महिन्याचं भाडं तिच्या गळ्यात पडलं की पुन्हा स्वस्त पॅकेज लावायची वेळ येईल. त्यापेक्षा लग्नाच्या स्टुडिओंबरोबरही एक पानाचा कागद करून घे, असं मी तिला सांगतो; तिथं ती अजून तोंडी बोलीवरच काम करते. त्यांच्याकडं तो मागायला तिला संकोच वाटतो, आणि मी दर भेटीत तेच विचारतो.